मयत घरमालकाची पाहुणी

प्रभाकरराव थूल यांनी चौतीस वर्षं तलाठ्याची नोकरी केली आणि त्या चौतीस वर्षांत एकाही कागदावर न वाचता सही केली नाही, हे सगळ्या देवळीला ठाऊक होतं. काही लोक म्हणत, वाचूनही केली नाही. पण लोकांचं काय घेऊन बसता, लोकांनी आजवर कोणाला सोडलंय?

रिटायर होऊन पाच-सहा वर्षं झाली तरी सवय जाता जात नव्हती. लग्नाची पत्रिका आली तरी प्रभाकरराव आधी तिची मागची बाजू पाहत. मागे काही छापलेलं नसलं की त्यांना जास्त संशय यायचा. त्यामुळे जानेवारीतल्या त्या रविवारी मयुरीनं चहाच्या कपाशेजारी एक कागद ठेवला आणि इथं सही करा म्हणाली, तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून मंदाबाईंनी कपाळाला हात लावला. नवऱ्याला त्या छत्तीस वर्षं ओळखत होत्या.

मयुरी म्हणजे लग्नानंतर बारा वर्षांनी झालेली एकुलती एक पोरगी. वर्ध्याच्या विद्यापीठात एम.ए. करत होती, रोज देवळीहून बसनं जाऊन येऊन. आता तिची निवड झाली होती. एक सत्र, म्हणजे पाच महिने, एस्टोनिया नावाच्या देशातल्या विद्यापीठात शिकायचं. दोन विद्यापीठांचा तसा करार होता, त्यांची मुलं इकडे आणि आपली तिकडे. विमानाचं तिकीट ते देणार, राहणं फुकट, वर जेवणाखाण्याला दरमहा पैसे. पालकाची सही झालेला फॉर्म शुक्रवारी सोळा तारखेला दुपारी चारच्या आत पोचवायचा. नाही पोचला तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. आता तेवीस वर्षांच्या पोरीला कायद्यानं बापाची सही लागत नाही, पण फॉर्मला लागत होती. कायदा एकीकडे आणि फॉर्म दुसरीकडे, हे प्रभाकररावांना कोणी सांगायची गरज नव्हती, त्यांचा जन्मच त्यात गेला होता.

त्यांनी कागद पुढून वाचला, मागून वाचला, उजेडाला धरून पाहिला. मग चष्मा काढून त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"फुकट काऊन देऊन राह्यले ते?"

मयुरीनं पुन्हा कराराचं सांगितलं. प्रभाकररावांनी करार पुष्कळ पाहिले होते, आणि प्रत्येक करारातला एक जण पुढे कचेरीच्या पायरीवर रडताना पाहिला होता. ते उठले आणि कपाटावरून आपला नकाशासंग्रह काढला. नोकरीला लागले त्या वर्षी, शहाऐंशी साली, नागपूरच्या फुटपाथवरून घेतलेला. भिंग लावून त्यांनी अख्खा युरोप पालथा घातला. फिनलंड सापडला, पोलंड सापडला, ज्यांची नावं घेताना दात पडतील असे देश सापडले, पण एस्टोनिया काही सापडेना. मयुरी ज्या जागेवर बोट ठेवत होती तिथे सगळा रशियाचा गुलाबी रंग होता.

झालं. तलाठ्याच्या दुनियेत जे नकाशात नाही ते नाहीच. मयुरीनं मोबाईलवर देश काढून दाखवला, त्याचा झेंडा दाखवला, त्या विद्यापीठाची इमारत दाखवली. प्रभाकरराव म्हणाले, मोबाईलवर तर नाल्यातसुद्धा प्लॉट दाखवतात आणि लोक घेतातही. नकाशा चाळीस वर्षांपूर्वीचा आहे असं ती म्हणाली, तर ते म्हणाले, जुना झाला म्हणून नकाशा खोटा होत नाही. हे वाक्य त्यांनी आयुष्यात किमान दोनशे शेतकऱ्यांना ऐकवलं असेल. पोरीला ऐकवायची पहिलीच वेळ होती.

आता अशा वेळी माणसानं घरातली गोष्ट घरात ठेवावी की नाही? पण संशय एकट्याला पेलवत नाही, तो कोणाला तरी सांगावाच लागतो. शेजारचे वासुदेवराव एस.टी.त कंट्रोलर होते. सगळ्या बसगाड्यांना जाताना पाहिल्यामुळे आपल्याला जगाची माहिती आहे अशी त्यांची समजूत. त्यांनी ऐकल्या ऐकल्या मान हलवली आणि परदेशी बोलावून पासपोर्ट काढून घेतलेल्यांचे तीन किस्से सांगितले. तिसऱ्या किश्शात किडनी होती. तिन्ही किश्शांतल्या माणसांची नावं त्यांना सांगता आली नाहीत, पण गावं मात्र पक्की सांगितली.

समोरच्या आनंदाबाईंचा विचार वेगळ्या वाटेनं गेला. आपली पोरगी तिकडं जाणार आणि तिकडची पोरगी इकडं येणार, एवढं त्यांनी ऐकलं, आणि त्यांच्या मते याला एकच नाव होतं, साटंलोटं. एका घरची लेक द्यायची आणि त्यांची लेक सून करून आणायची, असे दोन संसार त्यांच्या स्वतःच्या माहेरी झाले होते. अडचण एकच होती की थुलांच्या घरी मुलगा नव्हता. ती त्यांनी मंदाबाईंना बोलूनही दाखवली, की इकडून नवरदेव कोण? संध्याकाळपर्यंत गोष्ट बसस्टँडला पोचली. सोमवारी प्रभाकरराव दाढी करायला गेले तर न्हाव्यानं साबण लावता लावता तारीख काढली का म्हणून विचारलं. तोंडाला फेस असल्यामुळे त्यांना उत्तर देता आलं नाही, आणि उत्तर न देणं म्हणजे होकार असं दुकानातल्या चौघांनी धरलं.

त्या दिवशी घरी येऊन त्यांनी जाहीर केलं की चौकशीशिवाय सही होणार नाही. मयुरीनं रडारड केली नाही. ती बापाचीच लेक, तिला पुराव्याची भाषा येत होती. तिच्याच वर्गात ऑगस्टपासून हेल्मी नावाची मुलगी शिकत होती, त्याच देशाची, त्याच विद्यापीठाची, याच करारातून आलेली. ती म्हणाली, तिथून आलेली जितीजागती पोरगी आणून समोर उभी करते, मग तर झालं?

"आण," प्रभाकरराव म्हणाले, "अन् मुक्कामी आण. माणूस जेवणात समजत नाई, मुक्कामात समजते."

पुढचं सगळं रामायण या एका वाक्यानं झालं, आणि ते त्यांचं स्वतःचं होतं, हे लक्षात असू द्या.

पुढच्या रविवारी हेल्मी आली. मयुरीपेक्षा चांगली हातभर उंच, पाठीवर पोतं मावेल एवढी पिशवी, आणि दारातच दोन्ही हात जोडून स्वच्छ "जय भीम" म्हणाली. मंदाबाई खूश झाल्या. प्रभाकररावांना वाटलं, पढवून आणलेली आहे.

त्यांनी नवीन रजिस्टर काढून ठेवलं होतं. पंच म्हणून वासुदेवराव इस्त्रीचा सदरा घालून हजर होते. नाव, बापाचं नाव, आजाचं नाव, गाव, तालुका, धंदा, येण्याचं कारण. हेल्मी सगळ्याची उत्तरं हिंदीतून शांतपणे देत होती. खरं म्हणजे सुरुवातीचे दोन महिने तिचाही जीव असाच संशयात गेला होता. तिच्या देशात शेजारी नऊ-नऊ वर्षं शेजारी राहतात आणि नावसुद्धा विचारत नाहीत. इथे बसमधली अनोळखी बाई बापाचा पगार विचारायची. वर्ध्याला आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका बाईनं बसस्टॉपवर स्वतःच्या डब्यातली भाकर आणि ठेचा तिला खाऊ घातला, तर ही दिवसभर वाट पाहत राहिली की आता ही पैसे मागणार, आता कोणाला तरी बोलावणार. बाईनं काही मागितलं नाही. उलट पोरगी किती वाळली म्हणून हळहळत बसमध्ये चढून गेली. तेव्हापासून हेल्मीनं ठरवलं होतं की कोणी काही विचारलं तर सरळ सांगून टाकायचं आणि कोणी काही दिलं तर खाऊन टाकायचं.

पण चौकशी अर्ध्यात आली आणि हेल्मीनंही पिशवीतून एक वही काढली. घरात माणसं किती, पाणी कुठून येतं, हे घर कोणी बांधलं, असं ती विचारायला लागली आणि लिहायला लागली. एका टेबलावर दोन रजिस्टरं समोरासमोर आली. वासुदेवरावांनी टेबलाखालून प्रभाकररावांच्या पायावर पाय दिला. तो जरा जोरातच पडला. प्रभाकररावांनी वही पाहायला मागितली, तिनं लगेच दिली. अक्षरं एबीसीडीचीच होती, पण एका शब्दाचा पत्ता लागेना. तिकडच्या विद्यापीठाला वीस पानांचा अहवाल द्यायचा आहे, त्यासाठी लिहिते, असं ती म्हणाली. त्यांनी आपल्या रजिस्टरवर तिची सही मागितली, ती तिनं आनंदानं प्रत्येक पानावर केली. मग तिनं आपल्या वहीवर त्यांची मागितली. ती त्यांनी दिली नाही.

जेवायला पाटोडीचा रस्सा होता. हेल्मीचं नाक लाल झालं, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण तिनं दोनदा घेतला, आणि मंदाबाईंनी आपला निकाल तिथेच देऊन टाकला. प्रभाकररावांचं मात्र अजून अडलेलं होतं. हात धुतल्यावर त्यांनी नकाशासंग्रह तिच्यापुढे उघडला आणि त्या गुलाबी रंगावर बोट ठेवलं. तुमचा देश कुठे आहे, दाखवा.

हेल्मीनं ते गुलाबी पान पाहिलं. मग तिनं सांगितलं. रशियानं त्यांचा देश घेतला, पन्नास वर्षं ठेवला. तिच्या आजीची चाळीस हेक्टर जमीन होती, ती सरकारजमा झाली, आजी आपल्याच शेतात मजूर झाली. पण आजीनं जमिनीचा जुना कागद भिंतीच्या फळीमागे लपवून ठेवला होता. देश सुटला तेव्हा ज्याच्याजवळ कागद त्याला जमीन परत, असा कायदा झाला. आजीनं फळी काढली आणि कागद घेऊन कचेरीत गेली.

"नक्शे में नहीं था," ती म्हणाली, "पर हम थे."

हेक्टर म्हटल्याबरोबर प्रभाकरराव सावरून बसले होते. फळीमागच्या कागदाशी आल्यावर त्यांचा चष्मा धुरकट झाला. परत मिळाली? पुरी चाळीस? मोजणी झाली? हद्दीच्या खुणा सापडल्या? हेल्मीनं मोबाईलवर त्या जमिनीचा आजचा उतारा काढून दाखवला. आपल्या सातबारासारखाच, आजीचं नाव, मग बापाचं नाव, सगळ्या नोंदी जागच्या जागी. जो देश असा उतारा ठेवतो तो देश लबाड असणार नाही, असं त्यांना मनापासून वाटलं. सोमवारी सकाळी सही करतो म्हणून त्यांनी पोरीला शब्द दिला. हेल्मी रात्री मयुरीच्या खोलीत झोपली आणि पहाटेच्या बसनं वर्ध्याला गेली.

सोमवारी प्रभाकररावांनी पेनाचं टोपण काढलं आणि नेमके त्याच वेळी वासुदेवराव पेपर मागायला आले. काही माणसांना मुहूर्त बरोबर साधता येतो. त्यांनी सहज विचारलं, की परदेशी माणूस मुक्कामी ठेवला, फॉर्म भरला का? चोवीस तासांत नोंद करावी लागते. घरमालकानं. नाहीतर गुन्हा. आणि सरकारी पेन्शनवाल्यावर गुन्हा म्हणजे काय, ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, फक्त पेपर घेऊन निघून गेले.

टोपण परत पेनाला लागलं. हे आधी निस्तरू, मग तुझं पाहू, असं प्रभाकरराव म्हणाले. मयुरीनं फॉर्म उचलून पिशवीत ठेवला.

मंगळवारी वर्ध्याला परदेशी पाहुण्यांची नोंद करणाऱ्या टेबलासमोर तिघं बसली, प्रभाकरराव, मयुरी आणि हेल्मी. टेबलामागचा कारकून भला माणूस होता. उशीर झाला तरी पहिलीच वेळ आहे, होऊन जाईल म्हणाला आणि फॉर्म भरायला घेतला. घरमालकाचा पुरावा म्हणून प्रभाकररावांनी लाइटचं बिल आणि घरटॅक्सची पावती पुढे केली. इतकी वर्षं ते हेच दोन कागद सगळीकडे देत आले होते. कारकुनानं दोन्ही पाहिले आणि म्हणाला, घरमालक लहानू थूल, त्यांना घेऊन या.

प्रभाकरराव म्हणाले, ते येऊ शकत नाहीत.

आजारी आहेत का?

मयत आहेत. अठ्ठ्याण्णव सालापासून.

कारकुनानं पेन खाली ठेवलं. त्यानं आवाजही चढवला नाही, पण त्यानं जे समजावून सांगितलं त्यानं प्रभाकररावांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. कागदोपत्री असं दिसत होतं, की एक परदेशी बाई सत्तावीस वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाकडे मुक्कामाला राहिली. आणि तुम्ही त्या घरात कोण? मुलगा. नोंद आहे? नाही.

आता दिव्याखाली अंधार म्हणतात तो याहून वेगळा नसतो. ज्या माणसानं तालुक्यातल्या अर्ध्या मेलेल्यांची नावं कमी करून त्यांच्या वारसांची लावली, त्यानं स्वतःच्या घरावर बापाचं नाव तसंच ठेवलं होतं. लोक विचारत तेव्हा ते म्हणत, वेळ नाही भेटला. खरी गोष्ट वेगळी होती. वारस दोन होते, ते आणि हिंगणीला दिलेली मोठी बहीण भागीरथाबाई. नोंदीला बहिणीची सही लागली असती, आणि बहिणीजवळ सहीचा विषय काढायला प्रभाकररावांची छाती होत नव्हती. का होत नव्हती, ते त्यांनी मंदाबाईंनाही कधी सांगितलं नव्हतं.

कारकुनानं सोपी वाट दाखवली. साध्या कागदावर दोन्ही वारसांनी सही करून द्या की पाहुणी आमच्या संमतीनं आमच्या घरी राहिली. शुक्रवारपर्यंत. त्यानंतर प्रकरण वर पाठवावं लागेल, आणि मग या बाईंच्या पुढच्या सत्राच्या परवानगीला अडचण येऊ शकते. हेल्मीनं सगळं ऐकलं आणि प्रभाकररावांकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, त्यामुळे त्यांना जास्त लागलं.

पण माणूस सरळ वाटेनं जाईल तर काय पाहिजे? बहिणीकडे जायचं टाळायला बुधवारी ते देवळीतल्या घरटॅक्सच्या खिडकीवर गेले. म्हटलं आपली जिंदगी कचेरीत गेली, घंट्याभरात घर नावावर करून घेऊ. खिडकीत कुंदन नावाचा तरुण पोरगा होता. त्यानं साहेब म्हणून खुर्ची दिली, चहा मागवला, आणि मग अतिशय अदबीनं सांगितलं, की वारसांची संमती लागेल, नोटीस लागेल, हरकतींना पंधरा दिवस लागतील. प्रभाकररावांनी चौतीस वर्षांच्या नोकरीचा उल्लेख केला. कुंदन म्हणाला, म्हणूनच तर साहेब, तुम्हाला नियम समजावून सांगावा लागत नाही. बाकावर एक म्हातारा बसला होता. त्याला त्यांनी कधीकाळी एका फेरफारासाठी नऊ वेळा परत पाठवलं होतं. त्यानं सरकून त्यांना बाकावर जागा करून दिली. खुर्ची सोडून ते तिथे बसले नाहीत, चहाही अर्धा टाकून आले.

घरी मयुरी काहीच विचारत नव्हती. गुरुवारी यादीतल्या पुढच्या मुलीचा फोन आला, तुझं नक्की आहे का म्हणून. मयुरी म्हणाली, उद्या चारला समजेल. फोन ठेवून ती गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला गेली आणि अर्धा तास खाली आली नाही. मंदाबाईंनी पोळपाट बाजूला ठेवला.

"पोरगी मांगत नाई म्हणून तिले नको आहे, असं समजू नका तुमी," त्या म्हणाल्या. "तिले शब्द देल्लता तुमी."

प्रभाकरराव म्हणाले, उद्या हिंगणीले जातो.

शुक्रवारी सकाळी प्रभाकरराव आणि मयुरी निघाली. वर्ध्याला हेल्मी येऊन मिळाली, सेलूवरून हिंगणीच्या बसमध्ये जागा मिळाली. प्रभाकरराव वाटभर मनातल्या मनात बोलणी जुळवत होते. लग्नामातीला ते हिंगणीला जात, जेवत आणि परत येत. पण काम घेऊन आजवर एकदाही गेले नव्हते.

भागीरथाबाई अंगणात उन्हाला बसून सोलेभातासाठी तुरीच्या शेंगा सोलत होत्या. सहासष्टीच्या, अंगानं वाळलेल्या, नजर मात्र सुईसारखी. त्यांनी भावाला खालवर पाहिलं, हेल्मीला त्याहून जास्त वेळ पाहिलं, आणि कोणी काही बोलण्याआधी तिच्या ओटीत दोन मुठी शेंगा टाकल्या. हेल्मी मुकाट्यानं मांडी घालून सोलायला बसली. प्रभाकररावांनी बाजेवर बसून सगळी कहाणी सांगितली, फॉर्म, मुक्काम, लाइट बिल, कारकून. शेवटी संमतीचा कागद पुढे केला.

भागीरथाबाईंनी तो घेतला नाही. त्या म्हणाल्या, सत्तावीस वर्षांत घराची आठवण नाही आली, आज एका गोऱ्या पोरीसाठी आली, हे काही पटत नाही. घर विकायला काढलं का? प्रभाकररावांनी नाही म्हणून सांगितलं. मग कागदात लपवलेलं काय आहे? काही नाही, तूच वाच बाई, असं ते म्हणाले. मोठ्या बहिणीला ते बाईच म्हणत. भागीरथाबाईंनी चष्मा नाही म्हणून सांगितलं. चष्मा त्यांच्या गळ्यातच होता.

मग भागीरथाबाईंनी भाचीकडे मोहरा वळवला. तू काऊन गप्प आहेस वं? मयुरीनं सांगितलं, की तिचाही एक कागद आहे, परदेशी शिकायला जायचा. आज चारपर्यंत द्यायचा आहे, आणि त्यावर बाबांची सही राहिली आहे.

भागीरथाबाईंचे हात थांबले.

"काऊन राह्यली?" त्यांनी भावाला विचारलं.

"बाई, सारं फुकट देऊन राह्यले ते," प्रभाकरराव म्हणाले. "मले वाटलं..."

हे वाक्य त्यांचं नव्हतं. हे त्यांनी ऐकलेलं होतं, देवळीच्या त्याच घरात, शहात्तर साली. भागीरथा दहावीला वर्गात पहिली आली होती. नागपूरच्या मास्तरणीच्या ट्रेनिंगला तिला जागा मिळाली होती, राहणं फुकट, जेवण फुकट, पुस्तकं फुकट. कागद घरी आला होता आणि लहानूजींनी तो हातात धरून नेमकं हेच विचारलं होतं, फुकट काऊन देऊन राह्यले. आठ दिवसांनी तारीख निघून गेली. पुढच्या उन्हाळ्यात तिला हिंगणीला दिली.

मयुरीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ते भागीरथाबाईंनी चार वाक्यांत तिला सांगितलं, आवाज न चढवता. मग त्या भावाकडे वळल्या.

"बाबा भेत होते रे. त्यायले वाचता येत नोयतं, कागदाले भेत होते. त्यायनं सही केली नाई, ते मी कवाच सोडून देल्लं. पण तू बाजीवर बसून होता, प्रभाकर. चौदा वर्षांचा होता. तुले सारा कागद वाचता येत होता, त्याच्यात काई खोटं नाई हे तुले समजत होतं, अन् तू एक शब्द बोलला नाई. ते नाई सोडलं मी."

प्रभाकररावांनी मान खाली घातली. ते म्हणाले, चुकलं माह्यं, बाई. हे तीन शब्द त्यांनी नोकरीत कधी उच्चारले नव्हते आणि घरात तर नाहीच नाही.

"माह्याजवळ नोको म्हणू," भागीरथाबाई म्हणाल्या. "तुह्या कागदावर मी सही करतो. पण आधी तिच्या कागदावर तू कर. माह्यासमोर."

मयुरीनं पिशवीतून फॉर्म काढला. गुडघ्यावर कागद टेकवायला काहीतरी पाहिजे म्हणून हेल्मीनं आपली वही खाली दिली. प्रभाकररावांनी सही केली. ती त्यांच्या नेहमीच्या सहीसारखी आली नाही, आणि मयुरीला एक क्षण वाटलं की आता ते दुसरा फॉर्म मागतील. त्यांनी मागितला नाही. मयुरीनं फॉर्म घेतला आणि बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडली, इतक्या दिवसांचं सगळं एकदाच.

भागीरथाबाईंनी पदराला हात पुसले, गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि संमतीचा कागद ओढून घेतला. एकेक अक्षर सुटं, गोल, रेघेला धरून, त्यांनी लिहिलं, भागीरथा लहानू थूल. सासरचं नाव त्यांनी लिहिलं नाही. शाई वाळेपर्यंत कागद त्यांनी तसाच हातात धरला.

"आत्या," मयुरी म्हणाली, "किती सुंदर अक्षर आहे तुमचं."

"असंन ना," भागीरथाबाई म्हणाल्या. "मास्तरीण होनार होतो मी."

मग त्यांनीच सगळ्यांना उठवलं. एकची बस होती, आणि चारच्या आत वर्ध्याला पोचायचं होतं.